बेळगावात दोन लहान पोरं असलेल्या घराला मारुतीची ग्रँड विटारा हायब्रिड प्रॅक्टिकल पडेल का?

पडते की, पण डिकी आधी बघून घ्या. स्ट्राँग हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीच्या मोटरवरही चालणाऱ्या मॉडेलची, बॅटरी मागे डिकीखालीच असते, त्यामुळे साध्या पेट्रोलला 373 लिटर जागा आहे तिथे हिच्यात 265च उरते, भावाच्या गाडीत स्ट्रॉलर आडवा टाकला की वर कशीबशी एक बॅग बसते, गोव्याला जायचं तर बाकीचं सामान पायाशी. मागे दोन कारसीट लावल्या की मधे आजीला बसवायचं नावच काढू नका ओ. बाकी खडेबाजारच्या गर्दीत बॅटरीवरच सरकते, ब्रेक मारला की चार्ज होते, प्लग लावायची भानगड नाही. फक्त रोज हायवेनेच निपाणी-कोल्हापूर करणार असाल तर मायलेजचा फरक कमी पडतो, मग जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. शोरूमला जाताना स्ट्रॉलर बरोबरच न्या.