टोपलीवरची चिठ्ठी काढा

प्रश्न : ताई, वर्धा रोडवरच्या एका खासगी कंपनीत मी अकाउंट्स सांभाळते. आमच्या मजल्यावर आम्ही 28 बायका. दिवाळीनंतर चौघींनी शंभर-शंभर रुपये काढून लेडीज टॉयलेटमध्ये पॅडची टोपली ठेवली. वर चिठ्ठी लावली, 'अडचणीसाठी. कृपया एकच घ्यावे', आणि खाली आमची चौघींची नावं. पहिल्याच आठवड्यात टोपली दोनदा रिकामी! सफाईच्या मावशीला मी स्वतः पाच-सहा पॅड पदराआड नेताना पाहिलं. चांगला पगार असलेली एक सहकारीसुद्धा दर महिन्याला तिथलेच वापरते. कुणी एक रुपया टाकत नाही, साधं बरं केलंत म्हणत नाही. एचआरचे सर म्हणतात, वही ठेवा, नाव लिहून घ्या. घरी हे म्हणतात, फुकटाची सवय लावलीत. मला फार वाईट वाटतंय. टोपली बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. वही ठेवू नका. आणि ती चिठ्ठी उद्याच काढा, नावांसकट.

वहीचं आधी सांगते, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत कामगार कल्याण अधिकारी होते. पॅकिंग खात्यात साठेक बायका, दिवसभर उभ्याने काम. तेव्हा 1948 चा कारखाना कायदा चालायचा. त्यात बायकांसाठी वेगळे संडास होते, हात धुण्याची सोय होती, दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी होती. पॅडचं नाव नव्हतं. मी साहेबांशी भांडून ते मंजूर करून घेतले आणि टाइम ऑफिसातल्या कपाटात ठेवले. सोबत रजिस्टर : नाव, तिकीट नंबर, तारीख, सही. हा नियम माझाच. वर्षभरात अकरा नोंदी झाल्या आणि मी अहवालात लिहिलं, 'गैरवापर नाही.'

मे महिन्यातल्या एका दुपारी पॅकिंगमधली एक पोट्टी, असेल एकोणीस-वीस वर्षांची, खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर टाकून त्यावर बसलेली दिसली. एप्रन उलटा बांधलेला, पुढचा भाग मागे. ऊठ म्हटलं तर उठेना. शिफ्ट सुटली, सगळे गेटबाहेर गेले, तरी बसूनच. मी म्हटलं, अगं, ऑफिसात ठेवलेत ना? खाली बघत म्हणाली, "सही कराव लागते न मॅडम. अन् रजिस्टर त भाऊपाशी असते." भाऊ म्हणजे टाइमकीपर, तिच्याच वस्तीत राहणारा. मग उठली, पुठ्ठ्याची डागाची बाजू आत घेऊन घडी घातली आणि तो काखेत धरून घरी घेऊन गेली. कारखान्याच्या कचऱ्यातही तिला तो टाकवला नाही. माझ्या अकरा नोंदींचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

पुढच्या आठवड्यात मी बायकांच्या संडासातल्या फळीवर उघडा डबा ठेवला. सोमवारी ठेवलेले चाळीस पॅड बुधवारी संपले. पुन्हा भरले, शुक्रवारी संपले. साहेब म्हणाले, बघा! मी तीन महिने मागून घेतले. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला वीस-बावीसवर आकडा आला आणि तिथेच टिकला. टँकर येणार म्हटलं की आपण घरातली कळशीसुद्धा भरून ठेवतो. नळाला रोज पाणी असलं की पिंपं रिकामी पडून राहतात. तुमच्या टोपलीचंही तसंच आहे. ती उद्या असेल यावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. आणि तुम्ही स्वतःच ती बंद करायचं म्हणताय.

आता मावशी. पदराआड नेले म्हणून तुम्हाला ते चोरीसारखं वाटलं. पण आपल्याकडे पॅड दुकानातूनही पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी घालूनच येतं. ती उघड्या हातावर कसे नेणार? तिच्या घरी कोण आहे, किती जणी आहेत, हे विचारू नका. तुमचा संडास ती रोज घासते, तेव्हा त्या टोपलीवर तिचाही हक्क तुमच्याइतकाच आहे. तुमच्या त्या सहकारीचंही तेच. साबणाला हात लावताना तिची पगाराची स्लिप कुणी मागत नाही.

यजमानांचा 'फुकट' हा शब्द मात्र मला टोचला, कारण आपलं नागपूर असं नाही हो. पारा 45 वर गेला की सीताबर्डीच्या रस्त्यावर रांजण येतात, ओला कपडा गुंडाळलेले. कुणी तिथे बाटली भरून घेतली तर त्याचा हात कुणी धरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर मी दोन वर्षं पुरीभाजी वाढायला उभी होते. ज्यांनी पुन्हा द्रोण पुढे केला त्यांनाही वाढलं, आणि वाढताना बरंच वाटलं. तहान आणि भूक सगळ्यांची, म्हणून तिथे हात सैल सुटतो. पाळी मात्र 'तिची तिनं बघावी' अशी गोष्ट. लहानपणापासून बाजूला बसवून आपल्याला तेच शिकवलं. म्हणून पाणी दिलं की पुण्य, आणि पॅड दिलं की सवय लावली.

तुम्हाला आभार हवे होते, त्यात गैर काही नाही. खिशातले पैसे घातलेत. पण दरवाजा लावून आत असलेल्या बाईची त्या घडीला काय गत असते ते आठवा. तिच्या डोळ्यांसमोर चार नावं. बाहेर येऊन त्याच चौघींशेजारी डबा उघडायचा! काही जणी त्या नावांपायीच टोपलीला हात लावत नसतील. 'एकच घ्यावे'सुद्धा नको. चाळिशीनंतर कित्येकींच्या अंगावरून फार जातं, एकानं भागत नाही.

स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये पाळीच्या सामानाचा कायदा मंजूर झाला, 15 ऑगस्ट 2022 पासून लागू झाला. तिथे शाळा, कॉलेजं आणि स्थानिक पालिकांनी ज्याला गरज असेल त्याला हे फुकट द्यायचं. खासगी ऑफिसांवर ती सक्ती नाही. पण मला त्यातली एक अट फार आवडते : वस्तू सहज मिळाली पाहिजे आणि घेणाऱ्याचा मान राहिला पाहिजे. वही ठेवलीत तर दोन्ही गेलं.

तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, तर सरांना हिशेबच दाखवा. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला एक मिळतं. महिन्याला शंभर लागले तरी शंभर रुपये. बाजारातलं सहा-सात रुपयांचं घेतलंत तर सहा-सातशे. तुमच्या मजल्यावरच्या 28 जणी दिवसातून दोनदा दहा रुपयांचा चहा पितात असं धरलं, तर एका दिवसाचे 560 होतात. हा खर्च वर्गणीतून काढून साबण-फिनाइलच्या खात्यात टाका. मग तो कुणाचा उपकार राहणार नाही आणि तुमचं मनही दुखणार नाही. मंजुरी येईपर्यंत चौघींनी चालू ठेवा.

टोपली बेसिनपाशी असेल तर ती आत, प्रत्येक संडासात हात पोचेल अशी ठेवा. सोबत झाकणाचा डबा आणि जुन्या पेपरचे चौकोनी तुकडे. वापरलेलं पॅड नीट गुंडाळूनच टाकायचं, हे 2016 च्या घनकचरा नियमांतही होतं. तो कचरा त्याच मावशी हातानं उचलतात. त्यांना हातमोजे मिळतात का, ते तेवढं बघा.

प्रश्न : इतवारीत माझं कापडाचं दुकान आहे. कामाला पाच मुली आहेत. मागच्या बाजूला एकच संडास, सगळ्यांना मिळून. त्याची कडीही नीट लागत नाही. मुलींसाठी अशी सोय करावी असं मनात आहे, पण पुरुषमाणसानं हा विषय काढायचा कसा?

उत्तर : भाऊ, विषय काढू नका, सोय करा. पाचांतली जी वयानं मोठी असेल तिच्या हातात दर महिन्याला दोनशे रुपये द्या, "तुम्हा मुलींच्या सामानाला" एवढंच म्हणा, आणि बिल मागू नका. तारीख चुकवू नका. पाच जणींत कुणाला किती लागले हे तुमच्या कानावर येता कामा नये. संडासात एक बंद होणारं छोटं कपाट ठोकून घ्या, कारण तिथे पुरुषही जातात. पण किल्ली मुलींकडेच राहू द्या. आणि हे सगळं करायच्या आधी, आजच संध्याकाळी, सुताराला बोलावून ती कडी बसवून घ्या.