टॅब उघडला, तास गेला, शिकलो काय?

प्रश्न: मी प्रोग्रामर आहे. काम अडलं की हात आपोआप नवीन टॅबकडे जातो, मग कधी डेटाबेसबद्दल, कधी कुठल्यातरी नव्या लँग्वेजबद्दल वाचत बसतो, तास कसा जातो कळत नाही. बायको म्हणते ही निव्वळ टंगळमंगळ आहे, मी म्हणतो अभ्यास चाललाय. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही, पण पारडं वहिनींकडे झुकतंय बरं का.

फायदा होतो, नाही असं नाही, फक्त तुम्हाला वाटतो तो नाही. समजा टाइमपास करताना कधीतरी वाचलंत की पायथन या लँग्वेजला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण हे आकडे कॉम्प्युटरच्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमके बसतच नाहीत. पुढे कधीतरी बिलाची बेरीज केसभर चुकते, बाकीचे डोकं खाजवत बसतात आणि तुम्हाला मात्र चटकन आठवतं, अरे हा फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे दशांश आकडे बायनरीत साठवण्याचा घोळ! म्हणजे काय शोधायचं ते कळलं, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण मग रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायची की दशांश आकडे नेमके साठवणारा डेसिमल टाइप वापरायचा, राउंडिंग नेमकं कुठे करायचं, हे त्या कोडशी झटापट केल्याशिवाय येत नाही.

वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं ना, तिथेच फसायला होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा लेख संपला की टॅब बंद करा आणि रिकाम्या फाइलमध्ये त्यातलं चार ओळींचं काहीतरी लिहून चालवून बघा. जमलं तर अभ्यास, नाही जमलं तर वहिनींचं ऐका.

आणि वेळ कुठली निवडता तेही बघा. बिल्ड चाललाय, म्हणजे कोडमधून प्रोग्राम तयार होतोय, टेस्ट चालल्यात, तेव्हा खुशाल वाचा की. पण तुम्ही तर काम अडलं की पळताय, आणि बग सापडत नाही, लॉग बघून चिडचिड होतेय, खरं शिकणं नेमकं तेव्हाच होत असतं हो. बरं, हा रोग तुम्हाला एकट्याला नाही, प्रोग्रामर मंडळी जिथे तासन्‌तास पडीक असतात त्या हॅकर न्यूज या साइटच्या सेटिंगमध्येच नोप्रोक्रास्ट, म्हणजे 'चालढकल नको', नावाचा पर्याय आहे, चालू केलात की ठराविक मिनिटांनी साइटच तुम्हाला बाहेर काढते आणि काही वेळ आत घेत नाही.

नव्या लँग्वेजबद्दल वाचता म्हणालात, त्यात ही लँग्वेज भारी की ती, कोडची ओळ आत सरकवायला टॅबचं बटण की स्पेसचं असली भांडणं असतील तर ती सोडूनच द्या, त्यात करमणूक आहे पण दुसऱ्या दिवशी कोड लिहायला त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही.