लेथ की माती?

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) नोकरी मिळतेय, पण जीव मूर्तिकामात अडकलाय. काय करू?

उत्तर : पोरा, नोकरी घे. पण लेथऐवजी फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओततात त्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) जागा आहे का, ते आधी विचार. तुझ्या वयात मी तिथंच साचे भरले. वाळू किती ओली हवी, धातूचा रस ओतताना हवा कुठनं बाहेर पडेल, हे हाताला कळलं. पुढं ब्राँझचा पुतळा ओतताना तेच कामी आलं. आपल्या बाबूराव पेंटरांनी चित्रं काढली, मूर्ती घडवल्या आणि सिनेमाचा कॅमेराही स्वतः बनवला! ओव्हरटाइमला मात्र नाही म्हण. संध्याकाळी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन बस, माती मळायला माग. पहिली मूर्ती झाली की फोटो धाड.