बारा मार्चची अपॉइंटमेंट अकराच्या यादीत का जाते

प्रिय,

दादरच्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं पान तुझ्याकडे आलंय, आणि टीमने कामाची वाटणी केलीय ती अशी: पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पहिल्या ठरावीक टप्प्यात, डेटाबेस, दुसऱ्यात एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांच्यातला दुवा), तिसऱ्यात स्क्रीन. ही वाटणी उद्याच्या प्लॅनिंगमध्येच बदलून घे. वेबवरच्या त्रासदायक चुका या थरांच्या सांध्यावर असतात, आणि या वाटणीत सांधा जुळतो तो थेट तिसऱ्या स्प्रिंटला. पहिल्या आठवड्यात एक डॉक्टर, एक तारीख, एक वेळ एवढंच घे. पण ते फॉर्मपासून टेबलापर्यंत आणि तिथून रिसेप्शनच्या यादीपर्यंत पूर्ण चालू दे.

यादी दिसायला लागली की पहिली भेट तारखेच्या घोळाशी होईल. पेशंटने १२ मार्च निवडला. बऱ्याच कॅलेंडर लायब्ररी (तारीख निवडायचा तयार कोड) त्याचा जावास्क्रिप्टमधला डेट ऑब्जेक्ट करून देतात, ज्यात तारखेबरोबर वेळही असते: १२ मार्च, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. सर्व्हरकडे पाठवताना त्याचं जेसन, म्हणजे साधा मजकूर, होतं, त्यात टू-आयएसओ-स्ट्रिंग हे फंक्शन आपोआप चालतं, आणि ते वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून प्रत्यक्षात जातं ११ मार्च, १८:३०. सर्व्हरवर कुणी पहिली दहा अक्षरं कापून घेतली की पेशंट आदल्या दिवशीच्या यादीत.

कोड तपासणाऱ्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट मात्र हिरव्या, म्हणजे पास, राहतात. त्या ज्या मशीनवर चालतात तिथलं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं आणि तिथे फरकच शून्य. सर्व्हर अॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये घेतला तरी मशीन मुळात यूटीसीवरच येतं. म्हणून मशीनचा टाइमझोन ठरवणारं टीझेड व्हेरिएबल बदलून टेस्ट दोनदा चालव: एकदा एशिया/कोलकाता, एकदा अमेरिका/न्यूयॉर्क. न्यूयॉर्क अशासाठी, की ‘२०२५-०३-१२’ अशी नुसती तारीख न्यू डेटला, म्हणजे डेट ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडला, दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. मुंबईत ती पहाटे साडेपाचची वेळ होते, तारीख तीच राहते, चूक झाकली जाते. न्यूयॉर्कला ११ मार्च दिसतो. त्याच स्ट्रिंगला, म्हणजे त्या मजकुराला, टाइमझोन न देता वेळ जोडलीस, तर मात्र ती स्थानिक वेळ मानली जाते. नियम विचित्र आहे, पण जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्येच आहे.

उपाय साधा: अपॉइंटमेंटच्या तारखेचा डेट ऑब्जेक्ट करूच नकोस. इनपुटचा टाइप ‘डेट’ ठेवलास की व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंगच मिळते. ती तशीच पाठव, आणि टेबलातला कॉलम टाइमस्टँप (तारीख आणि वेळ) न ठेवता डेट (नुसती तारीख) ठेव. वाचतानाही लक्ष हवं: पोस्टग्रेस या डेटाबेसचा नोडमधला, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधला, नेहमीचा ड्रायव्हर डेट कॉलमचा पुन्हा स्थानिक मध्यरात्रीचा ऑब्जेक्ट करतो. तिथे स्ट्रिंगच परत मिळेल असा टाइप पार्सर (आलेल्या व्हॅल्यूचं रूप ठरवणारा कोड) लाव.

चुकीची दुसरी जागा नेटवर्कची. सर्व्हरने ५००, म्हणजे ‘माझ्याकडे बिघाड’ असा कोड, दिला तरी विनंती पाठवणारं फेच त्याला अपयश मानत नाही, चुका पकडणाऱ्या कॅचमध्ये काहीच येत नाही. रिस्पॉन्सचं ‘ओके’ दर वेळी तपास. याहून वाईट प्रसंग म्हणजे पेशंटने बटण दाबलं, नोंद झाली, आणि उत्तर यायच्या आत त्याची गाडी बोगद्यात शिरली. तो पुन्हा दाबणार, आणि दोन अपॉइंटमेंट पडणार. बटण डिसेबल करून हे पूर्ण थांबत नाही, कारण तो पान रिफ्रेश करू शकतो. फॉर्म उघडतानाच एक युनिक की तयार कर, ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेव (रिफ्रेश केलं तरी ती टिकते), प्रत्येक प्रयत्नाबरोबर तीच पाठव आणि टेबलात त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लाव, म्हणजे तीच की दोनदा नोंदवता येणार नाही. तीच की पुन्हा आली तर एरर न देता पहिल्याच नोंदीचं उत्तर परत दे.

या गोष्टी कोडमधल्या कॉमेंटमध्ये ठेवू नकोस, स्टोरीच्या, म्हणजे कामाच्या एका तुकड्याच्या, कार्डावर स्वीकृतीच्या अटी म्हणून लिही: ‘रात्री साडेबाराला उघडल्यावर आजचीच तारीख दिसते’, ‘उत्तर न येता दोनदा दाबलं तरी नोंद एकच’. एस्टिमेट देताना एखादी अट कळली नसेल तर आकडा फेकू नकोस. एक दिवसाचा स्पाइक, म्हणजे फक्त शोधून बघायचा वेळ, माग, आणि त्या दिवशीचा कोड टाकून दे.

डेमो मॅनेजरच्या लॅपटॉपवर नको. रिसेप्शनवर जी बसते तिला तिच्याच कॉम्प्युटरवर यादी उघडून दे, आणि ती कुठे अडते ते न बोलता बघ. सकाळी फोन वाजत असताना ती माउसला हात लावते का, हे पाहिल्याशिवाय पुढच्या स्प्रिंटच्या स्टोरी ठरवू नकोस.

सस्नेह