मुलगा सातवीत आहे, अभ्यासात मागे पडलाय, क्लास बदलू का?

क्लास आत्ता बदलू नका, आधी त्याला तिसरीच्या पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायला लावा आणि दोन भागाकार द्या, गाडी कुठं अडकलीय ते लगेच कळतंय की. मी सोलापुरात पूर्वभागात शिकवतो, घरी तेलुगू असो का मराठी, मागे पडलेली पोरं बहुतेक तिसरी-चौथीतच अडकलेली असतात, पण पोरगा असला की 'वांड आहे, लक्षच नाही' म्हणून सगळे मोकळे होतात, खरंतर वाचता येत नाही म्हणूनच बऱ्याचदा तो वांडपणा असतो. जिथं अडकलाय तिथूनच रोज अर्धा तास घ्या:
- मोठ्याने वाचन, मग तीच गोष्ट स्वतःच्या शब्दात
- पाढे आणि भागाकार, दुकानातला हिशोब त्यालाच करू द्या
बहिणीच्या मार्कांशी तुलना अजिबात नको. पुढच्या वर्षी आठवी, शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा असते, फेरपरीक्षेतही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं. फक्त एवढं करूनही अक्षरं उलटीसुलटी होत असतील किंवा फळ्यावरचं दिसत नसेल तर घरचा सराव पुरणार नाही, डोळे आणि डिस्लेक्सिया (अक्षरं वाचता-लिहिताना येणारी अडचण) दोन्ही तपासून घ्या.