पहिली खेळणी निवडताना
बाळ साधारण 8 महिन्यांचे झाले की नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला उमगू लागते. म्हणून या वयात रुमालाखाली चेंडू लपवून तो शोधायला लावणे मला बटण दाबताच गाणाऱ्या महागड्या खेळण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. दीड वर्षाच्या सुमारास साधे लाकडी ठोकळे द्यावेत. मूल ते रचते, पाडते, पुन्हा रचते आणि त्यातूनच बोटांची पकड व कार्यकारणभावाची जाण वाढते. मनोरा कोसळला तरी आपण लगेच हात पुढे करू नये, जवळ बसून घडते आहे ते शब्दांत सांगत राहावे. मात्र 3 वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात मावणारे सुटे भाग, लोहचुंबक किंवा बटणाएवढ्या बॅटऱ्या कधीही लागू देऊ नयेत.