पोथी जागची हलत नाही, हलते ती नक्कल

बंद भांडारातल्या पोथ्यांतलं ज्ञान बाहेर कसं जायचं आणि बाहेरचं आत कसं यायचं, असं विचारलंयत. मी बडोद्याचा, त्यामुळे पाटणच्या जैन ज्ञानभांडारांवरूनच सांगतो. गुजरातेतलं पाटण संस्थानी काळात बडोदे संस्थानातच होतं.

मूळ पोथी सहसा हलत नसे. हलायची ती नक्कल. नक्कल करणाऱ्याला गुजरातेत ‘लहिया’ म्हणतात. त्याची मजुरी श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, देई आणि तयार पोथी साधूला किंवा भांडाराला अर्पण करी. पुण्य श्रावकाच्या पदरी. पोथीच्या शेवटच्या नोंदीत, म्हणजे पुष्पिकेत, कुणी, कुणासाठी, कुठल्या गावी लिहिली ते बऱ्याचदा सापडतं. मी तर यादी हातात आली की आधी पुष्पिकाच वाचतो, ग्रंथ मागाहून.

आत येण्याची वाट जास्त मजेची. शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ बौद्धांचा, पण त्याचं संस्कृत मूळ जैन भांडारांत टिकलं! प्रतिपक्षाचं खंडन करायचं तर त्याचा ग्रंथ हाताशी हवाच ना. 1926 साली तो बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिज या ग्रंथमालेत छापला गेला.

या मालेची सुरुवातही पाटणशी जोडलेली. सयाजीरावांच्या सरकारने संस्कृतचे अभ्यासक चिमणलाल दलालांना तिथल्या पोथ्या पाहायला धाडलं. 1916 मध्ये राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ मालेचा पहिला ग्रंथ म्हणून आली. दलाल 1918 मध्येच गेले. त्यांच्या टिपणांवरून लालचंद गांधींनी पाटणच्या भांडारांची यादी सिद्ध केली, ती 1937 साली निघाली. हुकूम सरकारचा असला तरी किल्ली जैन संघाची, म्हणजे तिथल्या जैन समाजाची, हे ध्यानात घेतलं की दलालांचं काम केवढं होतं ते कळतं.

आता तुमच्या कामाचं. एका भांडारात मी पहिल्या दिवशी नुसता चहा पिऊन परतलो. दुसऱ्या दिवशी यादी दिसली. तिसऱ्या दिवशी भांडार सांभाळणाऱ्या काकांनी स्वतः पोथीचा रुमाल सोडला, माझं शाईचं पेन बाजूला ठेवायला लावलं आणि पेन्सिल दिली. मनात चरफडलो खरा, पण चूक माझी होती. तुम्ही जाल तेव्हा ओळखीच्या मुनिमहाराजांची चिठ्ठी न्या, पोथीचा क्रमांक आधीच काढून ठेवा, ‘फोटो काढू का’ हे पहिल्याच दिवशी विचारू नका. आणि काही छापलंत तर एक प्रत भांडाराला द्या. माझी दिली होती. दोन वर्षांनी गेलो तर काकांनी तीही पोथीसारखी लाल रुमालात बांधून, वर क्रमांक घालून ठेवलेली.